हवेच्या नावावर खपवलेला चिकटपणा

“आपल्या हवेत इपॉक्सी बसत नाही.” मालवणपासून मोरजीपर्यंत, जिथे जिथे पाण्यातल्या खेळांची साधने दुरुस्त होतात तिथे हे वाक्य ऐकू येते, आणि मत म्हणून नाही, निकाल म्हणून. सर्फबोर्डाच्या टोकाला खोक पडलेली असो, कयाकचा तळ खडकावर खरवडलेला असो किंवा शिडाच्या डिंगीच्या सुकाणूवरचा थर सुटलेला असो, कारागीर वस्तू उलटसुलट करून बघतो आणि सांगतो, “पॉलिएस्टर मारून देतो, इपॉक्सीच्या नादाला लागू नका.” कारण विचारले तर दमट हवा, खारा वारा, उकाडा. एवढ्यानेही समोरचा वळला नाही तर हुकमाचे पान बाहेर येते: ही वस्तू मुळात थंड देशांसाठी बनवलेली आहे.

असे म्हणणारी माणसे अडाणी नाहीत. वीस-वीस वर्षे फायबरचे काम केलेले हात आहेत ते. त्यांनी दाखवलेले पुरावेही खोटे नाहीत. आठवडा उलटला तरी बोटाला चिकटणारा थर त्यांनी पाहिला आहे. सकाळी उठून बघावे तर काल काचेसारख्या दिसणाऱ्या पृष्ठभागावर पांढुरका, मेणचट पापुद्रा, हेही पाहिले आहे. एप्रिलच्या दुपारी हातातल्या डब्यातून धूर निघून डबाच वितळलेला पाहिला आहे. पुरावा मला मान्य आहे. आरोपी मात्र चुकीचा पकडला गेला आहे, आणि तो पकडण्यामागे पॉलिएस्टरची सवय आहे, असे माझे म्हणणे आहे.

या किनाऱ्यावरचा फायबरचा धंदा पॉलिएस्टरवर वाढला. मासेमारीच्या बहुतेक फायबर होड्या त्याच्याच. त्यात रेझिनमध्ये कोबाल्ट असते आणि वरून कॅटॅलिस्ट टाकतात, साधारण शेकडा एक ते दोन भाग. हे कॅटॅलिस्ट रेझिनच्या साखळ्या जुळवायला सुरुवात करून देते. जुळायचे काम रेझिन आणि त्यातले स्टायरीन आपसात करतात. विरजणासारखा प्रकार आहे: चमचाभर जास्त पडले तर दही लवकर लागेल, कमी पडले तर उशिरा, पण लागेल. त्यामुळे “आज हवा थंड आहे, थोडं जास्त टाक” हा सल्ला पॉलिएस्टरमध्ये मर्यादेत चालतो, आणि चालतो म्हणूनच अंगवळणी पडला आहे.

इपॉक्सीत हा सल्ला घातक आहे. इथे हार्डनर कशालाही नुसती सुरुवात करून देत नाही. तो स्वतः त्या घन पदार्थाचा भाग बनतो. रेझिनच्या प्रत्येक रेणूच्या टोकांना इपॉक्साइडची कडी असते, हार्डनरच्या अमाइनवर हायड्रोजनचे अणू असतात, आणि एका कडीला एक हायड्रोजन लागतो. दोनही नाहीत आणि अर्धाही नाही. आपल्याकडच्या कार्यशाळांत आणि इंजिनियरिंग कॉलेजांत वर्षानुवर्षे वापरला जाणारा एक हार्डनर घ्या, ट्रायएथिलीनटेट्रामाइन. त्याचा रेणुभार १४६, आणि प्रत्येक रेणूवर कामाचे हायड्रोजन सहा. म्हणजे एका हायड्रोजनमागे सुमारे २४ ग्रॅम. नेहमीच्या द्रवरूप इपॉक्सी रेझिनमध्ये एका कडीमागे सुमारे १९० ग्रॅम रेझिन असते. भागाकार करा: १०० ग्रॅम रेझिनला साधारण १३ ग्रॅम हार्डनर. बाटलीवर छापलेले प्रमाण याच हिशेबातून येते, आणि बाटलीतले रेझिन वेगळे असेल तर आकडाही थोडा वेगळा येतो. कंपनीच्या माणसाने अंदाजाने लिहिलेला तो आकडा नाही, त्यामुळे तो हवेप्रमाणे बदलतही नाही.

आता या १३ च्या जागी १८ टाकले तर काय होईल? मिश्रण डब्यात कदाचित थोडे आधी गरम होईल आणि कारागिराला वाटेल, बघा, जोर आला. पण कड्या संपल्या तरी अमाइन उरलेलेच असते. ज्या रेणूने सहा हातांनी जाळे विणायचे, तो चार-पाच हातांवर थांबतो. जाळे विरळ राहते, थर रबरासारखा लवचीक राहतो, आणि उरलेले अमाइन पाण्याला आपल्याकडे ओढते. समुद्रात वापरायच्या वस्तूसाठी याहून वाईट अवस्था नाही. उलट कमी टाकले तर कड्या रिकाम्या राहतात आणि थर कधीच पुरता घट्ट होत नाही. दोन्ही बाबतीत परिणाम चिकट किंवा मऊ, आणि दोन्ही बाबतीत शेरा तोच: “हवा दमट होती.”

मापाची चूक किती सहज होते, याचा अंदाज मोठ्या कामावरून येत नाही. छोट्या कामावरून येतो. सर्फबोर्डाची एक खोक भरायला ३० ग्रॅम रेझिन पुष्कळ झाले. वजनी दहाला एक प्रमाणाच्या हार्डनरने त्याला ३ ग्रॅम लागतात. बाटलीच्या झाकणाने मापताना एक ग्रॅम इकडेतिकडे होणे म्हणजे काहीच नाही, असे हाताला वाटते. पण ती तेहेतीस टक्के चूक आहे. पॉलिएस्टरच्या कामात जी चूक पचून गेली असती, ती इथे पचत नाही.

दुसरी चूक जरा सुशिक्षित आहे. डब्यावर “दोनास एक” असे प्रमाण लिहिलेले असते, शेजारी बारीक अक्षरात “आकारमानाने” असे असते, आणि माणूस वजनकाटा काढून दोनास एक मोजतो. रेझिनची घनता साधारण १.१५, हार्डनरची ०.९५ धरा. आकारमानाने दोनास एक म्हणजे वजनाने १०० ला ४१. काट्यावर ५० मोजणाऱ्याने हार्डनर वीस टक्क्यांहून जास्त घातला, तोही अगदी काळजीपूर्वक! अमेरिकेतल्या गुजन बंधूंच्या वेस्ट सिस्टिम या इपॉक्सीत एकाच रेझिनसाठी काही हार्डनर पाचास एक आणि काही तीनास एक प्रमाणाने लागतात. मापाचा पंप बदलायला विसरले की खेळ खलास. आणि मापे अचूक असूनही डब्याच्या कडा-तळ नीट न खरवडता, अर्धा मिनिट ढवळून घाईने ओतले तर एकाच बोर्डावर एक पट्टा दगडासारखा आणि शेजारचा पट्टा गुळासारखा मिळतो. एकाच बोर्डावर, एकाच दुपारी हवा दोन प्रकारची असते का, हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे. उत्तर म्हणून हसू मिळते.

आता त्या चिकटपणाकडे वळू, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. पॉलिएस्टरचा उघडा थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरून चिकट राहतो. ते त्याचे स्वाभाविक वागणे आहे. म्हणूनच शेवटच्या हातात मेण घालतात; ते वर येऊन हवा अडवते. मधल्या थरांचा चिकटपणा तर फायद्याचाच, पुढचा हात त्यावर छान धरतो. या अनुभवातून एक नियम तयार झाला: चिकट आहे ना, मग वरून अजून एक हात मार.

इपॉक्सीचा चिकटपणा तीन प्रकारचा असतो, आणि तिघांवर एकच उपाय करणारा वैद्य तिन्ही रोगी गमावतो. एक, थर अजून कच्चा आहे, काही तासांचा आहे, बोट लावले तर ठसा उमटतो पण बोटाला रेझिन येत नाही. इथे पुढचा हात जरूर मारा. दोन्ही थर रासायनिक रीत्या एकजीव होतील, घासायचीसुद्धा गरज नाही. दोन, थर खाली कडक झालाय पण वर बुळबुळीत, मेणचट, कधी पांढुरका पापुद्रा आहे. हार्डनरमधले अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जोडले जाऊन तो तयार झाला आहे. हा पापुद्रा पाण्यात विरघळतो. साधे कोमट पाणी, भांडी घासायची हिरवी घासणी, मग स्वच्छ फडक्याने पुसणे, आणि त्यानंतर पॉलिश पेपर. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पेपर मारला तर पेपर लगेच भरून येतो आणि पापुद्रा खाचांत चोळला जातो. थिनरने पुसला तर तो नुसता पसरतो. त्यावर वार्निश किंवा रंग मारला तर वार्निश वाळत नाही, रंगाला माशाच्या डोळ्यांसारखी वर्तुळे पडतात, आणि महिन्याभरात थर सालीसारखा निघतो. “इपॉक्सीवर रंग धरत नाही” ही तक्रार बहुतांशी या न धुतलेल्या पापुद्र्याची आहे. शेवटच्या थरावर पील प्लाय म्हणजे नायलॉनचे सुटे होणारे कापड बसवले तर पापुद्रा कापडाबरोबरच निघतो आणि खालचा खडबडीत पृष्ठभाग पुढच्या थराला तयार मिळतो. पण दुरुस्तीच्या कामात हे कापड वापरणारे मला फार कमी भेटले.

तिसरा चिकटपणा म्हणजे चुकलेल्या मापाचा. तो वरपासून खालपर्यंत असतो, नख रुतते, आणि ऊन, हेअर ड्रायर, आठवडा, महिना, कशानेही जात नाही. रासायनिक क्रियेला लागणारा जोडीदारच तिथे नाही. त्यावर अजून एक हात मारणे म्हणजे चिखलावर फरशी बसवणे. तो खरवडून काढायचा, उरलेला अंश पुसायचा, आणि नव्याने सुरुवात करायची. हे ऐकून कारागीर नाराज होतो, कारण मजुरी दुप्पट होते. नाराजी समजू शकते. पण ती हवेवर काढून काय होणार?

आता हवेचीच उलटतपासणी करू. ओलाव्याचा त्रास होतो, हे मी नाकारत नाही. जुलैत उघड्या शेडमध्ये, पाऊस कोसळत असताना इपॉक्सीचा हात मारावा, असे मी कोणालाच सांगणार नाही. पण नियम “दमट हवा वाईट” इतका ढोबळ नाही. ज्या पृष्ठभागावर काम करायचे त्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश सेल्सिअस वर हवे, हा रंगकामातला जुना, कसलेला नियम आहे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तेव्हा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. पृष्ठभाग हवेइतकाच गरम असेल तर काम होते, काठावर होते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की दवबिंदू २८ च्या वर जातो आणि काम थांबवायचे. आता जानेवारीतली दुपार घ्या: ३१ अंश, ५० टक्के, दवबिंदू १९ च्या जरा वर. बारा अंशांची मोकळीक! याच जानेवारीत पहाटे त्याच शेडमध्ये बोर्डावर दव साचलेले असते. म्हणजे धोका कोकणात नसून कोकणातल्या ठरावीक तासांत आणि ठरावीक महिन्यांत आहे. आर्द्रता-तापमान दाखवणारा छोटा मीटर भिंतीला टांगला तर ते तास कोणालाही ओळखता येतात.

“थंड देशांसाठी बनवलेली वस्तू” हा युक्तिवाद तर पुरता उलटा आहे. दर दहा अंशांना इपॉक्सीच्या क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जानेवारीत दिवसाचे तापमान दहा अंशांच्या आसपास असते आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. आपल्या तीस अंशांच्या तुलनेत तिथली क्रिया चौपट मंद. तेवढा वेळ मोकळे अमाइन ओल्या हवेत उघडे पडलेले असते. पापुद्रा धरायला याहून सोयीची परिस्थिती कोणती? तिथले लोक शेड तापवतात, बोर्डाखाली हीटर लावतात, इलेक्ट्रिक ब्लँकेट गुंडाळतात, रेझिनचे डबे गरम पाण्यात ठेवतात. आपल्याला निसर्गाने फुकट दिलेली गोष्ट ते वीजबिल भरून मिळवतात, आणि आपण म्हणतो की ही वस्तू त्यांच्यासाठी!

गुजन बंधूंनी १९६९ मध्ये मिशिगनमधल्या बे सिटीत काम सुरू केले आणि लाकूड-इपॉक्सीच्या होड्यांना प्रतिष्ठा मिळवून दिली, हे खरे. तिथला हिवाळा बर्फाचा. पण या वादात मला मिशिगनला जायची गरजच नाही. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या बोटयार्डात ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली. लाकडी गाभा आणि त्यावर काचकापड व इपॉक्सी. गोव्याचे पावसाळे अंगावर घेत ती तयार झाली आणि २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तसे करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी तिच्यातूनच कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारून आले. दक्षिण महासागरातल्या लाटांनी तो थर तपासला आहे. दिवाडीची हवा आणि मालवणची हवा यांत फरक काढायला बसलेल्या माणसाला मी शुभेच्छा देईन.

“ते यार्ड आहे, आमची झापाची शेड आहे,” असा आक्षेप येईल. योग्य आहे. म्हणून शेडपुरते बोलू. आपल्याकडे खरा पेच वेगळाच आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. लाकूड किंवा फोम गरम होत असताना त्याच्या आतली हवा फुगते आणि ताज्या थरातून बुडबुडे बनून बाहेर येते. थराला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, त्यांतून पुढे पाणी शिरते. म्हणून वस्तू थंड होत असताना हात मारावा, असे सगळी हँडबुके सांगतात. कारागीर ते वाचून संध्याकाळी काम काढतो. संध्याकाळी लावलेला थर कच्चा असतानाच रात्रीचे दव पडते आणि पापुद्रा धरतो. बुडबुडे टाळायला जावे तर दव, दव टाळायला जावे तर बुडबुडे. दोन्ही टाळायचा मार्ग दिवसाच्या मध्यावर आहे: सकाळभर बोर्ड उन्हात कोमट होऊ द्यायचा, बाराच्या सुमारास सावलीत आणायचा, आणि तो निवू लागला की पहिला हात मारायचा. आपल्या तापमानात सूर्यास्तापर्यंत थर आवळून येतो, मग दवाने फारसे बिघडत नाही. रात्री वरून प्लास्टिकचा तंबू करून आत एक साधा पिवळा बल्ब लावला तर तेही उरत नाही. थंड देशातल्या माणसाला हे वेळापत्रक जमणार नाही, कारण तिथे सूर्यास्तापर्यंत थर आवळतच नाही.

उन्हाचा सल्लाही असाच अर्धा बरोबर असतो. “चिकट राहिलंय, उन्हात टाक.” ताजा थर उन्हात टाकणे म्हणजे बुडबुड्यांना आमंत्रण. पण एक-दोन दिवसांनी, थर कडक झाल्यावर ऊब देणे फार उपयोगाचे. इपॉक्सी ज्या तापमानात जमते, त्याच्यापेक्षा थोड्याच वरच्या तापमानापर्यंत ती घट्ट राहते. जाळे पुरेसे कडक झाले की आतले रेणू हलू शकत नाहीत आणि उरलेली क्रिया तिथेच अडकते. तीस अंशांत जमलेला थर पन्नासच्या आसपास मऊ पडू लागू शकतो, आणि मे महिन्यात वाळूवर उलटी ठेवलेली गडद रंगाची कयाक साठच्या वर सहज जाते. ४५-५० अंशांची ऊब काही तास हळूहळू दिली तर अडकलेली क्रिया पुढे सरकते आणि थराची उष्णता सोसायची मर्यादा वाढते. काळ्या प्लास्टिकच्या तंबूत, आत थर्मामीटर ठेवून हे कोणालाही करता येते. थर्मोकोलच्या गाभ्याच्या बोर्डाला मात्र साठच्या पलीकडे नेऊ नका, गाभाच बसतो. आणि ऊब दिली नसेल तर थर पुरता तयार व्हायला आठवडा लागतो. शनिवारी दुरुस्त केलेला बोर्ड रविवारी पाण्यात घालणाऱ्या क्लबांनी सोमवारी इपॉक्सीला नावे ठेवू नयेत.

डब्यातून धूर निघतो त्याची गोष्ट थोडक्यात: अरुंद डब्यात दोनशे ग्रॅम मिश्रण ठेवले की क्रियेची उष्णता बाहेर पडायला जागा मिळत नाही, तीच उष्णता क्रियेला आणखी पळवते. पसरट ताटात ओता, थोडे थोडे कालवा, आणि उष्ण हवेसाठी मिळणारा संथ हार्डनर मागा. दुकानदार “फास्ट” देतो, कारण गिऱ्हाईक तेच मागते. पाच मिनिटांत जमणाऱ्या दोन ट्यूबच्या इपॉक्सीने फिन बसवणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे; तो प्रकार उष्णतेला आणि सततच्या पाण्याला टिकायला बनवलेलाच नाही. घट्ट मिश्रण पातळ करायला ॲसिटोन किंवा थिनर घालणारेही त्याच पंगतीतले. द्रावक थरात अडकतो, थर मऊ ठेवतो, आणि मग पुन्हा हवेचे नाव निघते. पातळ हवे असेल तर रेझिनची बाटली कोमट पाण्यात ठेवा.

एका जागी मात्र पावसाळा खरोखर अपराधी आहे, आणि तिथे त्याला कोणी पकडत नाही: हार्डनरच्या अर्धवट बाटलीत. झाकण सैल राहिलेली बाटली चार महिने दमट खोलीत पडली की हार्डनर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड आत घेतो. तोंडाशी पांढरी खपली धरते. ऑक्टोबरात हंगाम सुरू होतो तेव्हा हीच बाटली बाहेर निघते. माप बरोबर, दुपार कोरडी, तरी थर मेणचट, आणि कारागिराचे मत आणखी पक्के. अशी बाटली फेकून द्या.

आणि समुद्राचे मीठ. बोर्ड पाण्यातून काढला, फडक्याने पुसला, घासला आणि भरला, ही रीत सर्रास आहे. खोकेत राहिलेले मिठाचे कण थराखाली ओलावा ओढत राहतात आणि फोड येतात. गोड्या पाण्याने दोनदा धुवायचे, गाभा भिजला असेल तर कोरडा होईपर्यंत थांबायचे, मेण काढायचे, सनस्क्रीन लावलेले हात लांब ठेवायचे. यात रसायनशास्त्र फार नाही, धीर आहे.

पॉलिएस्टरवाल्यांच्या बाजूने जे आहे तेही मांडतो. साच्यातून एकामागून एक होड्या काढायच्या असतील तर पॉलिएस्टर स्वस्त, जलद आणि चांगले. पॉलियुरेथेन फोमच्या बोर्डावर ते उत्तम बसते. पण थर्मोकोलच्या गाभ्यावर त्यातले स्टायरीन गाभा खाऊन टाकते, डोळ्यांदेखत. ५ डिसेंबर २००५ ला कॅलिफोर्नियातली क्लार्क फोम ही फोमचे गाभे पुरवणारी बलाढ्य कंपनी अचानक बंद झाली आणि सर्फबोर्डांच्या धंद्यात थर्मोकोल-इपॉक्सीकडे ओढा वाढला. असे बोर्ड आपल्याकडेही येतात. त्यांच्या मालकाला “पॉलिएस्टर मारून देतो” म्हणणारा माणूस दुरुस्ती करत नाही, बोर्ड मारतो. जुन्या, पक्क्या झालेल्या फायबरवर नवा थर धरवायचा असेल तिथेही इपॉक्सीची पकड पॉलिएस्टरपेक्षा सरस आहे, आणि दुरुस्ती म्हणजे मुळात तेच काम.

विरोधकांचा एकच मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, आणि तो ते क्वचितच मांडतात: इपॉक्सी कातडीला बाधते. स्टायरीनसारखा उग्र वास नाही, म्हणून माणूस निर्धास्तपणे उघड्या हातांनी काम करतो. अमाइनची ॲलर्जी एकदा बसली की सहसा जन्मभर जात नाही. हातमोजे घाला, हाताला लागलेले रेझिन ॲसिटोनने पुसू नका, ते कातडीत आणखी शिरते, साबणाने धुवा. इपॉक्सी ऊनही सोसत नाही, पिवळी पडते, पावडर सुटते. म्हणून वर अतिनील किरण अडवणारे वार्निश किंवा पॉलियुरेथेन रंग हवाच. पापुद्रा धुतल्यानंतर, हे पुन्हा सांगतो.

किमतीचा मुद्दा उरला. डब्याला डबा तोलला तर इपॉक्सी महागच आहे. पण एका खोकेला लागणाऱ्या तीस ग्रॅमांत हा फरक मजुरीच्या मानाने चिल्लर आहे, आणि पुढच्या हंगामात तीच खोक पुन्हा भरावी लागली तर तो फरक कुठे जातो ते गिऱ्हाइकाला विचारा.

क्लब चालवणाऱ्यांना आणि दुरुस्तीची शेड असणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. पुढचा थर बिघडला तर निकाल देण्याआधी कागदावर पाच गोष्टी लिहा: रेझिन किती ग्रॅम, हार्डनर किती ग्रॅम, वेळ, तापमान, आर्द्रता. एक हंगाम हे टिपण ठेवा आणि मग हवेवर खटला भरा. मी साक्षीला येईन. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा हजार रुपयांच्या आत मिळतो.